मालोजीची वेगळी गुढी

होळी झाली की मालोजी माझ्या मागं लागायचा.

"भाऊ, या साली काय धरावं?"

"कुदळ धर," मी म्हणायचो.

तो हसायचा. त्याला वाटायचं मी थट्टा करतोय. मी थट्टा करत नव्हतो.

पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तेव्हाची ही गोष्ट. रेल्वेच्या पलीकडं नुसता माळ होता आणि त्यावर पाया खोदायचं काम. आम्ही दोघं एकाच टोळीत. राहायला नदीपलीकडं काळेवाडीत. काळेवाडी तेव्हा थोडक्या घरांची वस्ती होती. शालनबाईंच्या गोठ्याला लागून दोन खोल्या होत्या. एकीत मी आणि माझ्या गावाकडचे दोघं. दुसरी मालोजीनं एकट्यानं घेतलेली. एकट्याला खोली कशाला, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पुढंमागं लागंल."

मालोजी माणदेशातला, दहिवडीच्या पुढचा. खड्ड्यात उतरला की बैल. कामाच्या बाबतीत मी कुणाचं उगाच कौतुक करत नाही. जन्मभर माती उपसली, खोदणारे पुष्कळ पाहिले. बहुतेकांचा खड्डा वर रुंद आणि खाली चिंचोळा होतो, कारण वर जोर असतो आणि खाली कंटाळा. मालोजीच्या खड्ड्याच्या भिंती ओळंबा लावून बघाव्यात अशा. मुरूम लागला तरी कुरकुर नाही. काढलेली माती काठावर रचून ठेवणार नाही, लांब टाकणार, म्हणजे ती परत आत येत नाही. असा गडी. आणि हाच गडी खड्ड्यातून वर आला की त्याला एक साधी गोष्ट धड करता येत नव्हती.

पुढं त्याचं चिंचवडला घर झालं, मुलं शिकली. तो भाग मी सांगत नाही. तो सगळ्यांचा सारखाच असतो.

आमच्या शालनबाई काळेवाडीच्या जुन्या घरातल्या. नवरा वारलेला, दोन म्हशी, थोडी शेती आणि जीभ तिखट. पाडव्याला सकाळी गुढी उभी राहिली की त्या कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा आणि मीठ वाटून गोळ्या करायच्या. घरात जो कोणी असेल त्याच्या तळहातावर एक गोळी. भाडेकरू असो, नाहीतर वैरण टाकायला आलेला गडी. गोळी चावून गिळायची आणि तोंड कडू आहे तोवर बोलायचं, सालभर काय करणार ते. गोड तोंडानं कुणीही बोलतं, असं त्यांच्या सासऱ्याचं म्हणणं होतं. त्याच्या वेळेपासूनची ही रीत.

"लिंबावर बोललेलं मोडू न्हाई," शालनबाई दम भरायच्या.

मी म्हणायचो, "जे करतोय तेच करणार." त्यांना ते चालायचं. मालोजीला चालायचं नाही. त्याला दरसाल काहीतरी नवं हवं असायचं. होळीपासून पाडव्यापर्यंत तो निवडत बसायचा. मुकादमाला विचारी, न्हाव्याला विचारी, पिंपरी कॅम्पातल्या सिंधी कापडवाल्याला विचारी, देवळातल्या गुरवाला विचारी. निवडण्यात जेवढा घाम गाळला तेवढा करण्यात गाळला असता तर माणूस कुठल्या कुठं गेला असता.

पहिल्या साली लिंब गिळून म्हणाला, "अंग कमवणार." दिवसभर कुदळ मारणाऱ्यानं आणखी कसलं अंग कमवायचं? पण पिंपरी गावातल्या तालमीत गेला. पहिल्याच सकाळी इतक्या बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी नदीचा उतार त्याला उलटं चालत उतरावा लागला. कामावर खाडा झाला. अक्षय्य तृतीया यायच्या आत तालीम सुटली.

दुसऱ्या साली, "लिहाय-वाचाय शिकणार." पाटी आणली, पेन्सिल आणली. वैशाखात बघतो तर पाटी शालनबाईंच्या ताकाच्या मडक्यावर झाकण म्हणून बसलेली.

"झाकण बेस बसतंय," शालनबाई म्हणाल्या. "ह्या साली कायतरी उपेगी केलं ह्यानं."

तिसऱ्या साली चहा सोडला. म्हणजे स्वतः मागून प्यायचा नाही. कुणी पाजला तर नाही म्हणायचा नाही, देणाऱ्याचा अपमान होतो म्हणून. त्यामुळं सुट्टी झाली की हा चहावाल्याच्या खोपटाभोवतीच घुटमळताना दिसायचा.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. हौस असते एकेकाला. पण मला दिसत होतं की करायची गोष्ट एकच होती आणि ती सोडून हा बाकी सगळं करत होता.

गावाला त्याची बायको होती. सुभद्रा. लग्न होऊन वरीस व्हायच्या आत हा इकडं आला आणि ती थोरल्या दिराच्या घरी राहिली. मालोजीचे आईबाप लवकर गेलेले. थोरल्या भावानं, अर्जुनरावानं, त्याला वाढवला, त्याचं लग्न केलं. शेत एकत्र, चूल एक. मालोजीला सुभद्राला काळेवाडीला आणायचं होतं. खोली त्यासाठीच घेतली होती. कुणी अडवलं नव्हतं. फक्त थोरल्या भावाला विचारायचं होतं. दर दिवाळीला तो विचारायला म्हणून गावाला जायचा आणि न विचारता परत यायचा.

"काय झालं रे?"

"दादाचा गुडघा दुखत व्हता. म्हटलं, अशात कशाला."

पुढच्या दिवाळीला, "आता गुडघा बरा होता ना?"

"व्हता की. लई खुशीत व्हता दादा. म्हटलं, खुशीत मोडता कशाला घालावा."

"म्हणजे दुखत असला तरी विचारायचं नाही आणि खुशीत असला तरी नाही?"

"तसं न्हाय भाऊ. येळ बघाय लागती."

वेळ बघता बघता तीन वर्षं गेली.

सत्तावन सालची होळी झाली. मालोजी खड्ड्याच्या काठावर भाकरी खात बसला होता. मला म्हणाला, "भाऊ, औंदा तिनातलं एक धरायचंय. रोज भजनाला बसायचं, न्हायतर उपास धरायचा, न्हायतर राग सोडायचा. मला राग सोडायचं बरं वाटतंय."

"तुला राग येतो कधी?"

"न्हाय. म्हणून तर जमंल."

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "मालोजी, चार जागी कंबरेएवढं खोदून विहीर होत नाही. एका जागी पाणी लागेपर्यंत खोदावं लागतं. भजन नको, उपास नको. या साली एकच धर. सुभद्राला आण."

तो भाकरीकडं बघत बसला.

"पाडव्याला गावाला जा. भावासमोर उभा राहा आणि म्हण, दादा, सुभद्राला घेऊन जातो. बस. एक वाक्य आहे. म्हण बघू आत्ता."

"आत्ता?"

"आत्ता. मला भाऊ समज."

त्यानं तोंड पुसलं. "दादा..." म्हणाला आणि थांबला. मग दुसरीकडं बघून म्हणाला, "तुमचं तोंडबी दादासारखंच दिसाय लागलं ओ. न्हाय येत."

पण कबूल केलं. शपथ घेतली. हेच धरणार, पाडव्याला गावाला जाणार, दादाशी बोलणार. माझेही वडील गावाला होते, त्यामुळं पाडव्याच्या आदल्या दिवशी मी जुन्नरच्या गाडीत बसलो. निघताना त्याचं गाठोडं बांधलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

सण करून परत आलो तर मालोजीच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. उंबऱ्याला हळदीकुंकू. भिंतीला टेकून बांबूचा एक लांब हिरवा कळक. मालोजी दारात बसून सुतळी वळत होता. तोंडभर हसला.

"गावाहून कधी आलास?" मी विचारलं.

"गेलोच न्हाय."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ऐका तर भाऊ. म्हटलं, नुसतं इचारून काय व्हतंय? आधी घर घरासारखं पायजे. मग सांगाय तोंड व्हतंय. म्हणून हितंच गुढी उभारली. कॅम्पातनं नवा खण आणला, गडू आणला, साखरेची माळ घातली. लिंब खाऊन बोललो, औंदा बिऱ्हाड थाटणार. सुरुवात तर झाली का न्हाय?"

"तुझ्या भावानं गावाला गुढी उभारली असेल."

"उभारली असंल की."

"मग एका घराच्या दोन गुढ्या झाल्या."

त्याच्या तोंडावरचं हसू थोडं कमी झालं. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घर एक तर गुढी एक, आणि ती थोरल्याच्या दारात. धाकट्यानं आपल्या दारात दुसरी उभारली, याचा अर्थ तो वेगळा निघाला. चूल फुटली, आता वाटणी. हे तोंडानं सांगावं लागत नाही. गुढी सांगते.

शालनबाई गोठ्यातून म्हणाल्या, "मी म्हनलं व्हतं त्याला. आरं, माजी गुढी हाय, तिलाच हात जोड. तर म्हनला, माजी खोली येगळी."

"कुणी पाहिली गुढी?" मी विचारलं.

"कोण बघतंय हितं," मालोजी म्हणाला. मग सुतळीला पीळ देत, "ज्योतीराम आलता तेवढा. जेवून गेला."

ज्योतीराम त्याच्याच गावचा. चाकणच्या कांदा बाजारात हमाली करायचा. माणूस वाईट नव्हता, पण पोटात गोष्ट ठेवायची त्याला सवय नव्हती.

"तो गावाला कधी जाणार आहे?"

"काल गेला," मालोजी म्हणाला, आणि सुतळी वळायची थांबली.

मी त्याच दिवशी मुकादमाकडं गेलो. मी मुकादमाकडं स्वतःसाठी कधी रजा मागितली नाही. मालोजीसाठी मागितली. मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नदी ओलांडून दिली, पिंपरी स्टेशनचा रस्ता दाखवला, म्हणजे त्याला माहीत होता तरी दाखवला, आणि कामावर गेलो. दुपारी खड्ड्यातून वर बघतो तर काठावर मालोजी, हातात गाठोडं.

"गाडी चुकली?"

"न्हाय. आलती."

"जागा नव्हती?"

"व्हती की. पर म्हटलं, नीट इचार करून जावं. जाऊन उलटंसुलटं तोंडातनं गेलं म्हंजी?"

मी कुदळ टाकली. काम चालू असताना कुदळ टाकली, असं माझ्याकडून फार वेळा झालेलं नाही. त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गाठोडं एका दगडावर ठेवलं, खड्ड्यात उतरला आणि संध्याकाळपर्यंत दोन माणसांचं काम केलं. जणू प्रश्न खोदण्याचाच होता.

रविवारी सुट्टी होती. मी अंगणात बसून कुदळीला नवा दांडा बसवत होतो. मालोजी विहिरीवर अंघोळ करत होता. नदीकडून दोन माणसं वर येताना दिसली. पुढं उंच, फेटा बांधलेला गृहस्थ, खांद्यावर पोतं. त्या पोत्याचं वजन त्याच्या चालण्यावरून कळत होतं. मागं बाई. डोक्यावर पितळी हंडा, काखेत बोचकं.

"मालोजी हितंच ऱ्हातो का?"

"इथंच. या, बसा."

"बसाय न्हाय आलो."

ओळख सांगायची गरज नव्हती. तोंडवळा मालोजीचाच, फक्त वर वय आणि राग चढलेला. शालनबाई तांब्या घेऊन आल्या. अर्जुनरावांनी हात आडवा केला. "येगळ्या घरचं पाणी नको."

"पानी माज्या घरचं हाय. मी का तुमच्यातनं फुटली?" शालनबाई म्हणाल्या. ते प्याले.

तेवढ्यात मालोजी विहिरीवरून ओल्या अंगानं आला. भावाला पाहून तसाच उभा राहिला. अर्जुनरावांनी पोतं उपडं केलं. एक परात, एक तांब्या, दोन पितळ्या, उलथणं. आणि शेवटी, दोन्ही हातांनी ओढून, दगडी जात्याची वरची तळी.

"आईच्या दोन पराती," ते म्हणाले. "एक तुझी. तांबे दोन, एक तुझा. हंडे दोन, एक तुझा. जात्याच्या तळ्या दोन, एक तुझी. शेताचं मोजून घिऊ. बायको तुझीच हाय, ती आणलीया."

मला राहवलं नाही. "पाव्हणं, एका तळीवर दळायचं कसं?"

"ते येगळं निघणाऱ्यानं बघावं."

"मग तुमच्याकडं तरी उरलेल्या तळीवर कसं दळणार?"

ते रिकामं पोतं झटकत राहिले. एसटीत बसल्यावर त्यांच्याही ध्यानात आलं असावं. पण रागानं उचललेला दगड वाटेत टाकून देता येत नाही.

मालोजीला कंठ फुटला. "दादा, मी कुठं येगळा निघालोय? आरं, न्हाय रं. चुकलं माझं. घिऊन जा हे सगळं. हिलाबी घिऊन जा. ही गुढी बघ, मोडून टाकतो, हे बघ." त्यानं भिंतीला टेकलेला कळक उचलला आणि गुडघ्यावर मोडायला लागला. ओला कळक. तो वाकायचा आणि परत सरळ व्हायचा. मालोजी पुन्हा जोर करायचा.

मी ते बघत बसलो. तीन वर्षं या माणसानं ज्याच्यासाठी खोली धरून ठेवली, ते दारात चालत आलं होतं. डोक्यावर हंडा घेऊन उन्हात उभं होतं. आणि हा म्हणतोय, परत घेऊन जा. खड्डा पुरा झाल्यावर त्यातच माती ढकलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सुभद्राबाईनं हंडा खाली ठेवला. पदर पुढं ओढला. त्यांच्याकडं थोरल्या दिराशी सून समोरासमोर बोलत नाही, आणि चारचौघांत नवऱ्याशीही नाही. ती वळली शालनबाईंकडं. शालनबाईंना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "तुमच्या ह्या भाडेकरूस्नी इचारा, मला परत न्या म्हणत्यात, ती न्यायची कुठं?"

मालोजी दोनच हातांवर उभा होता. शालनबाईंनी तोंड त्याच्याकडं वळवलं. "ऐकलंस का? कुठं न्यायची?"

"घरी," मालोजी म्हणाला.

"मावशी, त्यास्नी सांगा, त्या घरी मी तीन सालं काढली. पाणवठ्यावर बाया म्हणत्यात, मालोजीनं बायको टाकली. पिंपरीला दुसरी ठेवलीया. मी म्हणायची, तसं काय न्हाय, त्यास्नी सवड न्हाय. आज सवड काढून सांगत्यात, परत न्या. मी गावात जाऊन काय सांगू ते तेवढं इचारून घ्या."

मालोजीचे हात थांबले. "दुसरी? कोण म्हणलं दुसरी?"

"दुसरी!" शालनबाई म्हणाल्या. "ह्येला एक झेपंना."

"आन् मावशी, थोरल्यास्नी सांगा," सुभद्राबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण अंगणभर ऐकू जात होता. "वाटणी मी मागितली न्हाय. ह्यांनीबी मागितली नसंल, ह्यास्नी काय मागायचं ठावं असतं तर आज ही पाळी न्हवती. जाऊबाई उद्या कशावर दळणार? तळी परत न्या. परात परत न्या. मी तेवढी ऱ्हाते. आता पुढचं ह्यास्नी बोलू द्या. मी न्हाय त्यांच्या वाटचं बोलणार."

आणि ती हंड्याशेजारी खाली बसली.

 गोठ्यात म्हैस शेपटी मारत होती. अर्जुनराव नदीकडं बघत होते. मालोजीनं माझ्याकडं पाहिलं. मी दांड्यात पाचर ठोकायला घेतली. मला मदत करायची नव्हती. एकदा मदत केली की हा माणूस कायम टेकतो.

"दादा," मालोजी म्हणाला. हे त्यानं हातातल्या कळकाला सांगितलं. "हिला मी हितं ठेवून घेतो. शेत हाय तसं ऱ्हाऊ दे. म्हंजी आपलंच. येगळं न्हाय. म्हंजी खोली येगळी, पर तसं न्हाय."

"हिकडं बघून बोल," अर्जुनराव म्हणाले.

त्यानं मान वर केली. कळक खाली टाकला. 

"दादा, सुभद्रा हितं ऱ्हाईल."

अर्जुनराव त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हात उचलतील. पण त्यांनी फेटा काढला आणि मांडीवर ठेवला.

"एवढंच?" ते म्हणाले. "आरं, एवढ्यासाठी तीन सालं तोंडात मिठाची गुळणी धरली व्हतीस व्हय रं? दर दिवाळीला मी रानात जायचो न्हाय. घरात बसून ऱ्हायचो. आज बोलंल, उद्या बोलंल. तू जेवायचास आन् जायचास. लोक मला इचारत्यात, धाकट्यानं बायको का नेली न्हाय? मी काय सांगू? मला वाटलं, तुला नकोच झालीया ती. आन् मग ज्योत्या येऊन सांगतो, त्यानं गुढी उभारलीया. म्हटलं, बायको नको, भाऊ नको, आन् वाटणी तेवढी पायजे!"

"मग तूच का न्हाय इचारलंस?"

"मी थोरला हाय. मी कसा इचारू, बाबा तुझी बायको तुला न्यायची हाय का म्हणून?"

मी पाचर ठोकायची थांबवली. एका मातीचे होते दोघं. मला वाटत होतं दोष धाकट्यात आहे.

सुभद्राबाई तोवर उठली होती. तिनं खोली बघितली, कोपऱ्यात तीन दगड मांडले, शालनबाईंकडून विस्तव आणला. मालोजीच्या खोलीत पीठ होतं, मीठ होतं, बाकी विचारू नका. शालनबाईंनी कांदे आणि डाळीचं पीठ दिलं. पिठलं-भाकरी झाली. अर्जुनराव पुन्हा अडून बसले, येगळ्या चुलीवरचं नको.

"इस्तू माज्या चुलीचा हाय," शालनबाई म्हणाल्या. "आन् डाळीचं पीठबी माजं. तुमची भावजय निस्ती रांधतीया. खावा आता गुमान."

त्यांनी खाल्लं.  दुसरी भाकरी मागून घेतली.

मालोजीला मात्र पंख फुटले होते. पाणी आण म्हटलं तर शालनबाईंची सगळी मडकी भरून ठेवली. सरपण आण म्हटलं तर कुऱ्हाड घेऊन ओढ्याकडं जो गेला तो भाऊ निघायची वेळ झाली तरी आला नाही. त्यामुळं तांब्या, परात आणि ती तळी स्टेशनपर्यंत पोचवायचं माझ्यावर आलं. हंडा सुभद्राबाईनं ठेवून घेतला, पाण्याला हवा म्हणून. तो तेवढा वाटणीतला नव्हे, असं तिनं शालनबाईंमार्फत कळवलं. मी तळी खांद्यावर घेतली. आठवड्यातली एक सुट्टी, आणि मी दुसऱ्याच्या जात्याची तळी वाहत होतो.

नदीत तेव्हा पाणी कमी होतं. दगडांवरून पलीकडं जाता यायचं. पलीकडच्या वाळूत मी तळी टेकवली, दम घ्यायला. अर्जुनराव शेजारी उभे राहिले. फेट्याचा शेव दोनदा नीट केला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "मालोजीला एवढं सांगा. पेरणीला दोघांनी यायचं. तिनंबी. आन् त्यानं मनाला लावून घिऊ नये म्हणावं. मी रागात बोललो. परात तिला ठेवून घ्यायची असंल तर पुढल्या खेपंला मी..."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं.

"आं?"

"तुमचा भाऊ आहे. तुम्ही सांगा. ती बाई बोलते शालनबाईंशी, तुम्ही बोलता माझ्याशी, तो बोलतो कळकाशी. मी खड्डे खोदणारा माणूस आहे. निरोप्या नाही."

त्यांना राग आला. दिसलाच. "गाडी चुकंल माझी."

"चुकू दे."

 त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पुन्हा दगडांवर पाय ठेवत काळेवाडीकडं परत निघाले. निम्म्यात गेल्यावर मागं वळून म्हणाले, "तळीवर बसू नगा. जात्यावर बसत न्हाईत."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

काळेवाडीच्या चढावर पोचल्यावर त्यांनी हाक मारली, "मालोजीऽ!" रानात ऐकू जाईल अशी, शेतकऱ्याची हाक. ओढ्याकडून कुऱ्हाडीचा आवाज येत होता, तो थांबला.

पुण्याकडची गाडी शिटी देऊन निघून गेली. पुढची रात्रीची होती. मी तळीशेजारी वाळूत बसलो आणि खांदा चोळत राहिलो.